अण्णाच्या सात कॉम्प्युटरांची स्थळं

दुबईला जाऊन आले म्हटलं की लोक तीन प्रश्न विचारतात. तो उंच टॉवर चढलात का, वाळवंटात जीपमधून उडालात का आणि सोनं किती आणलंत. माझी उत्तरं अनुक्रमे नाही, नाही आणि काहीच नाही अशी आहेत. टॉवर दिसला, पण तो तिथं न बघायचं ठरवलं तरी दिसतो, त्यात माझं काही कर्तृत्व नाही. वाळवंट बसच्या खिडकीतून पाहिलं. बाकीचा बराचसा वेळ मी अल मनखूलमधल्या एका तिसऱ्या मजल्यावर कांदे चिरत होते. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

माझा थोरला भाऊ अण्णा ऐन तरुणपणी दुबईला गेला. एका कंत्राटदार कंपनीच्या स्टोअरमध्ये लागला, स्टोअरचा मुख्य झाला आणि यंदा निवृत्त झाला. तिथं नोकरी संपली की साधारण चंबूगबाळं आवरायचं असतं, आणि वहिनीनं ते कधीच आवरून ठेवलं होतं. कराडला त्यांचा फ्लॅट आहे. त्याची किल्ली माझ्याकडे असते आणि मी अधूनमधून जाऊन खिडक्या उघडून येते. म्हणजे यायला घर होतं, भरलेल्या बॅगा होत्या, वहिनी एका पायावर तयार होती. घोडं अडलं होतं ते अण्णाच्या कॉम्प्युटरांपाशी.

वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुम्ही या बाई. तुमच्या भावाच्या सात मुली उजवायच्या राहिल्यात. त्या चांगल्या घरी पडल्याशिवाय तिकीट काढणार नाही म्हणतात."

मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. वर्गातली चाळीस पोरं वठणीवर आणली, एक भाऊ काय अवघड आहे, असं म्हणून मी निघाले.

अल मनखूल

वहिनीचा भाग म्हणजे दुबईतला जुना भाग. खाली उडपी हॉटेल, शेजारी साड्यांचं दुकान, आणि किराणावाला फोन केला की एक लिंबूसुद्धा वर आणून देतो. कराडात मी एका लिंबासाठी फोन केला तर दुकानदार माझी तब्येत विचारील. इथं वहिनी रोज सकाळी कोथिंबिरीची एक जुडी मागवते आणि तो पोऱ्या ती लिफ्टमधून घेऊन येतो. मला हे इतकं आवडलं की पहिल्या दिवशी मी एकटं आलं मागवून बघितलं. आलं.

मुली बैठकीच्या खोलीत, भिंतीलगतच्या टेबलावर ओळीनं बसल्या होत्या. चाळीसेक वर्षांपूर्वी इंग्लंडात घरोघरी असे छोटे कॉम्प्युटर आले होते. की-बोर्डच्या पेटीतच सगळा कॉम्प्युटर. पडद्याच्या जागी घरातला टीव्ही जोडायचा आणि गेम चढवायचा तो कॅसेटवरून. गाण्यांची असायची तीच साधी कॅसेट, टेपरेकॉर्डरही तोच. अण्णाच्या कंपनीतले इंग्लिश इंजिनिअर आपल्या मुलांसाठी ही यंत्रं दुबईला आणायचे आणि कंत्राट संपलं की सामानाचं वजन वाढायला नको म्हणून अण्णाकडे ठेवून मायदेशी जायचे. अण्णानं प्रत्येकीला देणाऱ्याचं नाव ठेवलं होतं. त्यामुळे मुलींची नावं पीटर, मोठा जॉर्ज, धाकटा जॉर्ज अशी होती. सगळ्यांत लाडका धाकटा जॉर्ज, म्हणजे रबरी बटणांचा, स्पेक्ट्रम नावाचा काळा कॉम्प्युटर. त्याची बटणं दाबली की मऊ लागतात, उकडलेल्या वाटाण्यासारखी. वहिनीनं प्रत्येकाला जुन्या परकराचं झाकण शिवलं होतं आणि दसऱ्याला सातही जणांना झेंडूचं फूल वाहिलं जायचं.

"नुसती द्यायची म्हटलं तर उद्या जातील," वहिनी म्हणाली. "पण ह्यांच्या परीक्षेत कोणी पास होईल तर ना."

परीक्षा अशी होती. बघायला आलेल्या माणसाला बसवायचं, कांदेपोहे द्यायचे आणि धाकट्या जॉर्जवर एक गेम चढवायला लावायचा. कॅसेट सुरू झाली की टीव्हीच्या कडेनं रंगीत पट्टे धावू लागतात आणि कर्कश्श किंचाळी सुरू होते. हे पाच-एक मिनिटं चालतं. तेवढा वेळ माणसानं फोनला हात लावायचा नाही, उठायचं नाही. वर कॅसेट म्हातारी असल्यामुळे नेमकी शेवटी अडायची, पडद्यावर चूक झाल्याची ओळ यायची आणि पाच मिनिटं पाण्यात.

"तिथंच माणूस कळतो, सुमे," अण्णा म्हणाला. "पुन्हा लावू म्हणाला तर आपला. नाहीतर नमस्कार."

पहिलं स्थळ माझ्यासमोर आलं ते एका कॅफेवाल्याचं. चांगला हसरा मुलगा होता. त्याला सातही यंत्रं भिंतीवर टांगायची होती, वरून दिवे सोडून. अण्णानं त्याला पोहे पूर्ण खाऊ दिले आणि मग दार दाखवलं. दुसरे आले ते पुण्याचे एक साहेब, इंटरनॅशनल सिटीत राहणारे, सॉफ्टवेअरमधले. त्यांची लहान मुलगी बरोबर होती. मी तिला विचारलं, "बाळ, नाव काय तुझं?" तिनं इंग्रजीत नाव सांगितलं, इंग्रजीत शाळा सांगितली आणि इंग्रजीतच विचारलं की ही किंचाळी बंद कधी होणार. साहेबांनी दुसऱ्याच मिनिटाला खिशातून फोन काढला. अण्णानं माझ्याकडे असं बघितलं की बघ, मी सांगत नव्हतो? त्याच वेळी टेपरेकॉर्डरमधून टक् असा आवाज आला आणि कॅसेट थांबली. आतला रबरी पट्टा तुटला होता.

साहेब सुटल्यासारखे उठले. अण्णाही मला जरा जास्तच निवांत दिसला.

"आता पट्टा मिळेपर्यंत कोणाला बोलवता येणार नाही," तो म्हणाला. "आणि हा पट्टा काही आता मिळायचा नाही. खलास."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "ड्रॅगन मार्टमध्ये हत्तीची पिसंसुद्धा मिळतात. उद्या दोघं जा."

ड्रॅगन मार्ट

हे इंटरनॅशनल सिटीला लागून असलेलं चिनी मालाचं बाजारगाव आहे. गाव म्हणते, कारण दुकान म्हटलं तर खोटं होईल. आमच्या कराडच्या बाजारात बाई भाजीला गेली की भाजी घेऊन परत येते. इथं आम्ही पट्ट्यासाठी शिरलो आणि तासाभरात मी नळांच्या गल्लीत हरवले. नळ, नळ आणि नळ, सोनेरी, चंदेरी, हंसाच्या मानेचे. अण्णाला फोन लावला तर तो झुंबरांच्या गल्लीत होता आणि मला म्हणाला, "तिथंच थांब, हलू नकोस." मीही त्याला तेच म्हणाले. दोघंही आज्ञाधारकपणे थांबलो. बऱ्याच वेळानं एका रखवालदारानं मला नेऊन झुंबरांपाशी सोडलं.

अण्णानं तुटका पट्टा रुमालात बांधून आणला होता. एका कोपऱ्यातल्या दुकानात एक चिनी बाई बसली होती. अण्णानं रुमाल उघडून तिच्यासमोर धरला. तिनं पट्टा उचलला, ताणला, वास घेतला आणि एकही शब्द न बोलता शिलाई मशीनचा पट्टा आणून ठेवला. अण्णानं मान हलवली. मग व्हॅक्यूम क्लीनरचा आला. मग केसांना लावायची रबरं आली.

"नाही मिळत. चल सुमे," अण्णा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात निराशा औषधालाही नव्हती.

मी जुनी मास्तरीण आहे. गृहपाठाची वही हरवली म्हणून सांगणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो मला लांबून ओळखता येतो. मी अण्णाला बाजूला केलं आणि त्या बाईला हातवाऱ्यांनी कॅसेट फिरते कशी ते दाखवलं. दोन बोटं गोल गोल फिरवली, तोंडानं किंचाळीचा आवाज काढला. शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली. बाई खुदकन हसली, खाली वाकली आणि एक पुडी काढून माझ्यापुढे टाकली. त्यात लहानमोठ्या मापांचे दहा-वीस बारीक पट्टे होते, टेपरेकॉर्डरचेच.

"दहा दिरहम. म्हणजे अडीचशे रुपयांच्या आसपास," अण्णा पुटपुटला. "एवढ्याला पट्टा?"

घरातल्या त्या जुन्या टेपरेकॉर्डरसाठी हा माणूस एरवी जीव टाकतो. मी पैसे दिले आणि पुडी माझ्या पर्समध्ये ठेवली, त्याच्याकडे दिली नाही. घरी आल्यावर माझ्यासमोरच त्याला नवा पट्टा बसवायला लावला.

शारजा

तिसरं स्थळ मोठं होतं. शारजात एक श्रीमंत संग्राहक होते, त्यांना सातही हवे होते. ह्या वेळी अण्णा म्हणाला की आपण घर बघून येऊ. मुलीकडच्यांनी घर बघणं रीतीला धरूनच होतं. वहिनीनं जायची सोय केली. तिच्या ओळखीची फ्लेव्हिया पूर्वी ह्याच इमारतीत राहायची. मूळची वसईची, आता दुबईच्या एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. भाडं परवडेना म्हणून शारजाला गेली आणि रोज स्वतःच्या गाडीतून दोन मैत्रिणींना घेऊन येते-जाते. पेट्रोल वाटून घ्यायचं, गप्पा फुकट. ह्याला तिकडे कार-लिफ्ट म्हणतात. मागच्या सीटवर केरळची नर्स लिझी आणि पार्लरमध्ये काम करणारी लाहोरची शगुफ्ता होती. मी त्यांच्या मध्ये बसले आणि अण्णा पुढे.

संध्याकाळी दुबईहून शारजाला जाणारा रस्ता हा रस्ता नसून बैठक आहे. गाड्या हलत नाहीत, माणसं डबे काढतात. शगुफ्तानं खजूर दिले, लिझीनं केळ्याचे काप. मी चिवडा काढला आणि तिघींनी त्याचं हिंदीत एवढं कौतुक केलं की डबा रिकामा करूनच परत घेतला. फ्लेव्हिया अण्णाला कॉम्प्युटरांबद्दल विचारत होती.

"अंकल, माझी मुलं स्क्रीनवर बोट ठेवतात आणि गेम उघडतो. बिचाऱ्यांना वाटतं तो हवेतून येतो," ती म्हणाली. "कॅसेटवरून कसा येतो ते मला त्यांना दाखवायचंय. काचेमागे नाही हं, हातात देऊन. मोडलं तर मोडलं, आम्ही बसून नीट करू."

अण्णा खिडकीबाहेर बघत राहिला. पुढची गाडीसुद्धा हलत नव्हती, बघण्यासारखं काही नव्हतं.

संग्राहकांनी आमचं फार अगत्यानं केलं. वेलचीची कॉफी, खजूर, मऊ सोफा. मग एक खोली उघडली. भिंतभर काचेची कपाटं आणि आत शेकडो जुनी यंत्रं, प्रत्येक प्लास्टिकमध्ये सीलबंद.

"चालू करून बघता का कधी?" अण्णानं इंग्रजीत विचारलं.

"हबीबी, चालू केली की किंमत उतरते," ते हसून म्हणाले.

परत येताना बसमध्ये मी म्हटलं, "अण्णा, हे स्थळ नको हे मलाही पटलं. पण फ्लेव्हियाचं काय वाईट आहे?"

"पोरं चहा सांडतील जॉर्जवर," तो म्हणाला.

"वर्गात चहा कोण देतं पोरांना?"



पुन्हा अल मनखूल

शुक्रवारी तिकडे शाळा लवकर सुटतात. दुपारी बेल वाजली आणि दारात फ्लेव्हिया उभी. वहिनीनंच तिला परस्पर बोलावलं होतं, हे वहिनीनं आधीच भिजवलेल्या पोह्यांवरून माझ्या लक्षात आलं.

"आंटी, बसता नाही येणार, दोघी खाली गाडीत आहेत," फ्लेव्हिया म्हणाली.

"मग त्यांनाही वर बोलाव," वहिनी म्हणाली.

अशी एका मुलीला बघायला तीन माणसांची पार्टी आली. अण्णाची पंचाईत झाली. दारात आलेल्या पाहुण्याला परत पाठवणं त्याच्या रक्तात नाही. त्यानं टेपरेकॉर्डर पुढे ओढला, बराच वेळ त्याच्यावर वाकून कॅसेट बसवली आणि परीक्षा सुरू झाली. पट्टे धावू लागले, किंचाळी सुरू झाली. फ्लेव्हियानं पर्स लांब ठेवली आणि मांडी घालून खालीच बसली. लिझी म्हणाली की तिच्या वॉर्डातली यंत्रं ह्याहून वाईट ओरडतात. पाच मिनिटं झाली आणि कॅसेट नेहमीसारखी अडली.

"पुन्हा लावूया, अंकल," फ्लेव्हिया म्हणाली.

अण्णाचा चेहरा पडला. हेच शब्द ऐकायला तो इतके दिवस बसला होता, पण त्याच्या तोंडावर आनंदाची रेघ नव्हती. त्यानं कॅसेट गुंडाळली, पुन्हा लावली. पुन्हा अडली.

"फिर से लगाइए ना, भाईजान," शगुफ्ता म्हणाली. "पोहे अभी बाकी हैं."

तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिच्या हातात बारीक पेचकस होता. तिनं टेपरेकॉर्डरची कॉम्प्युटरला जोडलेली वायर काढली, कॅसेट सुरू केली आणि वरच्या एका छोट्या भोकातून पेचकस आत घातला. किंचाळी खोलीभर घुमली. वहिनी कान देऊन पेचकस हळूहळू फिरवत राहिली. घोगरा आवाज बारीक होत गेला, मग एकदम धारदार झाला. तिथं ती थांबली.

"कॅसेटला काही झालेलं नाही," ती आम्हाला म्हणाली. "इथं आत एक स्क्रू असतो. तो जरा फिरवला की टेपला नीट ऐकू येत नाही. मी पोहे फोडणीला टाकायला गेले की हे तो फिरवतात. दर वेळी."

 अण्णा सहावीतल्या पोरासारखा बसला होता आणि मी जन्मात पहिल्यांदा अशा पोराला रागावू शकले नाही.

वहिनीनं वायर परत जोडली आणि कॅसेट पहिल्यापासून सुरू केली. "आता तुम्ही बसा," ती अण्णाला म्हणाली. "नियम तुमचाच आहे. हे संपेपर्यंत उठायचं नाही, दुसरीकडे बघायचं नाही. तेवढ्यात मला काय सांगायचंय ते सांगते."

अण्णा बसला. पट्टे धावू लागले.

"मला घरी जायचंय," वहिनी म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण किंचाळीवरून ऐकू येईल एवढा होता. "इथं वाईट काही नाही. पण चार फ्लॅट झाले आपले, आणि एकाही भिंतीत मला खिळा ठोकता आला नाही. घरमालक डिपॉझिट कापेल म्हणून. आईबाबांचा फोटो कपाटाला टेकवून ठेवलाय मी, कितीदा पडला तो. कॅलेंडर फ्रिजला चिकटवते. इतकी वर्षं मी पाहुण्यासारखी राहिले. मला आता माझ्या भिंतीत एक खिळा ठोकायचाय. एवढंच."

टीव्हीवर चित्र वरून खाली, एकेक रेघ करत उमटू लागलं होतं. अण्णा नियमाप्रमाणे त्याकडेच बघत होता, पण त्याला काही दिसत नसावं.

"तू कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"तुम्ही कधी पाच मिनिटं सलग बसलात?"

अण्णा म्हणाला, "मला भीती वाटते गं. कराडला मी म्हणजे दुबईचा पाहुणा. पहिले पंधरा दिवस सगळे जेवायला बोलावतात. मग भेटेल तो विचारतो, परत कधी? आता 'परत कधी' नाही म्हटल्यावर मी तिथं कोण? इथं निदान ह्या सातजणांना माझी गरज आहे."

मला हुंदका आला. मी तो कांद्यावर ढकलला, पण कांदा केव्हाच फोडणीत गेला होता. लिझीनं समजुतीनं माझ्या हातावर हात ठेवला. तिला मराठी येत नव्हतं, पण तिच्याकडेही केरळात कुठंतरी एक बंद घर असणार.

किंचाळी थांबली. खोलीत इतकी शांतता झाली की खालच्या रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला. गेम चढला होता. पडद्यावर एक गुबगुबीत बाई चहाची गाडी ढकलत ऑफिसच्या मजल्यांवरून फिरत होती. चहा थंड व्हायच्या आत प्रत्येक टेबलावर कप पोचवायचा, लिफ्ट चुकवायची नाही आणि साहेबांच्या कुत्र्याला ओलांडायचं, एवढाच खेळ. इंग्रजांनी घराघरात कॉम्प्युटर नेला आणि त्यात शेवटी चहाच केला, ह्याचं मला फार समाधान वाटलं.

शगुफ्तानं टाळी वाजवली. फ्लेव्हिया मात्र खेळायला पुढे झाली नाही. ती अण्णाकडे वळली.

"अंकल, मी नेईन, पण सगळं शिकवून द्यावं लागेल. आणि कराडला गेल्यावर व्हिडिओ कॉल उचलायचा. मुलं शंका विचारतील, मला काही सगळं येत नाही. चालेल?"

"आठवड्यातून किती वेळा?" अण्णानं विचारलं.

"तुम्ही कंटाळाल इतक्या वेळा."

अण्णा उठला. पुढचा तासभर त्यानं फ्लेव्हियाला एकेक यंत्र उघडून दाखवलं, कोणाला काय खोड आहे ते सांगितलं. परकराची झाकणं घालून सातही जण खोक्यांत बसले. वहिनीनं प्रत्येक खोक्यावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि मूठभर तांदूळ टाकले. लिझी आणि शगुफ्ता खोकी घेऊन लिफ्टकडे गेल्या. सगळ्यात शेवटी अण्णानं धाकटा जॉर्ज स्वतः उचलला. दारापाशी थांबला, खिशातून आपला पेचकस काढला आणि फ्लेव्हियाच्या पर्समध्ये टाकला.

"हाही घेऊन जा," तो म्हणाला. "घरात नको."

त्यांची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही गॅलरीत उभे होतो. मग अण्णा आत आला आणि त्यानं वहिनीला विचारलं, "सकाळचं विमान बरं की दुपारचं?" वहिनी म्हणाली, कुठलंही. मला टॉवर चढायचा राहिला होता, पण त्या वेळी ते काढणं बरं दिसलं नसतं.

मी आधी परत आले. ते दोघं महिन्याभरानं आले. मी किल्ली घेऊन दारात उभी होते. बॅगा अजून जिन्यातच होत्या, रिक्षावाला पैशांसाठी थांबला होता आणि वहिनी चप्पल न काढताच बैठकीच्या खोलीत गेली. माझ्याकडे हातोडी मागितली. मी शेजाऱ्यांकडून आणून दिली. अण्णानं खिळा धरला आणि वहिनीनं ठोकला, समोरच्या भिंतीत, अगदी मधोमध. थोडा गिलावा पडला. तो तिनं पायानंच बाजूला सारला आणि मागे सरकून दोघंही त्या नुसत्या खिळ्याकडे बराच वेळ बघत राहिली.